एकही स्क्रू फेकण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सातारा जिल्ह्यातल्या वाड्यात, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत तुमच्या पणजोबांची फोर्ड मॉडेल टी उभी आहे. उजव्या हाताचं स्टिअरिंग, उघडी टूरिंग बॉडी, चारही दारं उघडतात, चाकं लाकडी आऱ्यांची, छताचं कापडी हूड कुजलेलं. गाडी दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालली असं तुम्ही लिहिलंय. इंजिन नंबर ‘सी’ने सुरू होतो. शेजारी पत्र्याची ट्रंक, तिच्यात कागद, दोन-तीन डबे आणि एक दिवा. एका गॅरेजवाल्याने सहा महिन्यांत ‘शोरूमसारखी’ करून देतो म्हटलंय. तुम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून बर्मा-शेल या पेट्रोल कंपनीची एनॅमलची पाटी आणूनही ठेवलीत, कारण गाडीमागच्या भिंतीवर त्या काळाचं सामान मांडायचं मनात आहे. सुरुवात कुठून करू आणि काय काय गोळा करू, असं विचारलंय.

सुरुवात ट्रंकेपासून करा. गाडीला अजून हात लावू नका.

हे ऐकून तुमचा हिरमोड होणार, ठाऊक आहे मला. पण हिशेब साधा आहे. मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात बनली. आजही अमेरिकेत तिचे जवळजवळ सगळे भाग नवे बनवून विकले जातात. गॅसकेट, आरे, रेडिएटर, मडगार्ड, अगदी दिव्याच्या वातीपर्यंत. पैसे आणि सबुरी असेल तर यातलं काहीही मिळतं. तुमच्या पणजोबांनी पेट्रोलच्या डब्याला काय मोजलं, शोफरला पगार किती दिला, गाडी कुणाकडून घेतली, हे मात्र कोणत्याही कॅटलॉगात मिळणार नाही. ते त्या ट्रंकेत असेल, नाहीतर कुठेच नसेल.

आता माझी चूक सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी मी माझी पहिली मॉडेल टी उघडली. बॉडीच्या लाकडी सांगाड्यात चौकोनी भोकाचे गंजलेले स्क्रू होते. माझ्याकडे तशा तोंडाचा पाना नव्हता. मला वाटलं, कुणा गावठी मिस्त्रीचा उद्योग असणार. ड्रिलने काढले, मूठभर स्क्रू भंगारात टाकले आणि त्या जागी चकचकीत प्लस स्क्रू बसवले. दोन वर्षांनी परदेशातला एक जाणकार गाडी बघायला आला. त्याने दार उघडून आत डोकावलं आणि पहिलं विचारलं, ‘चौकोनी भोकाचे स्क्रू कुठे गेले?’ मी गप्प बसलो.

ते रॉबर्टसन स्क्रू होते. पीटर रॉबर्टसन नावाच्या कॅनडाच्या माणसाने १९०८ च्या सुमारास ते काढले, ओंटारिओतल्या मिल्टन गावी त्याचा कारखाना होता, आणि कॅनडात बनणाऱ्या मॉडेल टीच्या बॉडीला ते वापरत. म्हणजे मी जो गावठी उद्योग समजलो, तो गाडीचा जन्मदाखला होता. उलट मी लावलेले प्लस स्क्रू मोटारींत आले १९३० च्या दशकाच्या मध्यावर. मॉडेल टीत प्लस स्क्रू दिसला की तो नंतरच्या दुरुस्तीचाच, यात शंका नको. माझ्या त्या गाडीत आजही ते प्लस स्क्रू आहेत. बदलता आले असते, मुद्दाम बदलले नाहीत. रोज दिसावेत म्हणून.

तुमचा ‘सी’ याच गोष्टीचा पुढचा धागा. ब्रिटन सोडून बाकी साम्राज्याला फोर्ड गाड्या पुरवायचा हक्क कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडे होता. तिचा कारखाना ओंटारिओतल्या वॉकरव्हिलला. तिथल्या इंजिनांच्या नंबराच्या सुरुवातीला ‘सी’ असतो. उजव्या हाताचं स्टिअरिंग त्यामुळेच, आणि दारंही. अमेरिकेतल्या टूरिंगला डावीकडचं पुढचं दार नुसतं पत्र्यावर उमटवलेलं, खोटं असतं, तुमचं उघडतं. फोर्डने भारतात स्वतःची कंपनी काढून मुंबई, कलकत्ता, मद्रास इथे जुळणी सुरू केली ती १९२६ पासून. त्याआधीची गाडी बोटीने आलेली. तेव्हा बॉडीचा पत्रा, लाकडाचे सांधे, सीटखालची फळी यांच्यावर पेटीचे खडूचे आकडे, शिक्के, स्टेन्सिलची अक्षरं आहेत का, हे टॉर्च तिरका धरून बघा. पुसायचं नाही, खरवडायचं नाही, फोटो काढायचा.

नंबराबद्दल एक खुलासा. तो इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाणी शिरतं त्या नळीच्या वरच्या सपाट पट्टीवर ठोकलेला असतो. तो इंजिनाचं वय सांगतो, गाडीचं नव्हे. मॉडेल टीची इंजिनं सर्रास बदलली जात. ब्लॉकवर ओतकामाची तारीख वेगळी असते, तीही वाचा. ती आणि नंबर जुळले, शिवाय घरच्या कागदात गाडी घेतल्याचं वर्ष सापडलं, तर तिन्हींचं मिळून एक उत्तर तयार होतं. नंबराची पट्टी पॉलिश पेपरने घासू नका. घासलेला नंबर संशयास्पद दिसतो, आणि पुढे नोंदणीच्या वेळी तो संशय तुम्हालाच भोवतो.

ट्रंक

त्या काळच्या घरात मोटारीचा खर्च कीर्दीत चढे. १९२० च्या दशकातली कीर्द-खतावणी बहुधा मोडीत असते, म्हणून ती घरात कुणालाच वाचता येत नाही आणि ‘जुने हिशेब’ म्हणून रद्दीत जाते. तुमच्या ट्रंकेत लांबट, कापडी पुठ्ठ्याच्या वह्या असतील तर मोडी जाणणारा माणूस गाठा. पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग चालतात, तिथले विद्यार्थी अशा कामाला हौसेने येतात. मी एका घरी अशी वही वाचून घेतली, तर त्यात टायर, ट्यूब, ‘पेट्रोल डबे’ आणि शोफरची दिवाळी अशा नोंदी ओळीने निघाल्या. पंप सगळीकडे झाले नव्हते तोवर पेट्रोल दोन गॅलनच्या डब्यांतून येई. त्या नोंदींवरून गाडी महिन्यात किती फिरे, पावसाळ्यात उभी असे का, युद्धात बंद पडली का, असं सगळं उलगडत गेलं.

कागद कोणते शोधायचे? गाडीचं नोंदणीपुस्तक आणि टॅक्सच्या पावत्या, १९१४ च्या मोटार कायद्याखालचे परवाने, शोफरचं लायसन्स, विम्याचे कागद. फोर्डचं मालकासाठीचं छापील पुस्तक आणि सुट्या भागांची किंमतसूची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन होतं, त्याच्या कूपनांचे तुकडे. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ मध्ये मुंबईत निघाली. पणजोबा सभासद असतील तर पावती किंवा रेडिएटरवर लावायचा बिल्ला सापडू शकतो. असा बिल्ला बाजारात विकतही मिळतो. पण घरचा बिल्ला आणि घरची पावती एकत्र सापडली, तर बाजारातल्या दहा बिल्ल्यांना त्या जोडीची सर नाही.

फोटो मी कागदांच्याही वर ठेवतो. मोटारीपुढे उभं राहून काढलेला एखादा फोटो घराण्यात असतोच. आजोबा कोट-पगडीत, मुलं मडगार्डवर, शोफर कडेला अंग चोरून. भिंतीवरची फ्रेम उतरवा, मागे स्टुडिओचा शिक्का बघा. मग भिंग घेऊन गाडीकडे बघा, माणसांकडे नंतर. दिवे पितळी की काळे? हॉर्न रबरी फुग्याचा की विजेचा? रेडिएटरच्या टोपीवर तापमान दाखवणारं गोल घड्याळासारखं मोटोमीटर आहे का? पायरीवर डबा बांधलाय का, पाटीवर कुठला नंबर आहे? गाडी कशी ‘होती’ याचा याहून भरवशाचा साक्षीदार नाही. मी तर फोटो मिळेपर्यंत रंगाचा ब्रश हातात घेत नाही.

कागदांचं जतन करताना आपल्याकडे एक हमखास घात होतो : लॅमिनेशन. जुना कागद लॅमिनेट केला की तो कायमचा गेला असं समजा. सेलोटेपही नको, तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. आम्लविरहित फोल्डर मिळतात, ते घ्या. ते येईपर्यंत धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात गुंडाळा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि कसर लागली नाही ना, हे दर महिन्याला उघडून बघा. भिंतीवर लावायची ती चांगली रंगीत प्रत. मूळ कागद अंधारात. आणि परदेशातल्या कुणी कागद किंवा सुटे भाग विकत मागितले, तर थांबा. शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरचे ऐतिहासिक मोलाचे कागद १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. देशाबाहेर काही पाठवण्याआधी चौकशी हवी.

घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर कागदांच्याही आधी त्यांच्याशी बोला. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा आणि ‘गाडीत कोण कुठे बसायचं?’ एवढंच विचारा. ‘गाडीबद्दल सांगा’ म्हटलं तर दोन वाक्यांत आटोपतं. कोण कुठे बसायचं विचारलं की भांडणं, मानपान, घाटात कोणाला उलटी व्हायची, सगळं बाहेर येतं.

आता गाडी

हात लावण्याआधी दोनेकशे फोटो काढा. प्रत्येक दोरी, तार, सुतळीने बांधलेला तुकडा त्यात यायला हवा. मग उंदरांची घरटी काढा, पण ती चाळून. सीटखालच्या घरट्यात मला एकदा अर्धं कुरतडलेलं रेशन कूपन मिळालंय.

बोनटवर, रेडिएटरवर हळद-कुंकवाचे, तेल-शेंदराचे जुने थर असतील. खंडेनवमीची पूजा गाडीला दरवर्षी झालेली असणार. ते ॲसिडने घासून काढायची घाई गॅरेजवाल्यांना फार असते. माझं मत वेगळं आहे. निदान एका जागचा थर तसाच ठेवा. वॉकरव्हिलहून निघालेल्या हजारो गाड्यांत ती खूण तुमच्याच गाडीला आहे. तसंच मागच्या बाजूला चासीत किंवा पायरीत विचित्र जागी भोकं, कंस, पट्ट्या दिसल्या तर बुजवू नका. युद्धाच्या वर्षांत पेट्रोल मिळेना म्हणून मोटारींना कोळशाच्या गॅसची भट्टी जोडत. तुमच्या गाडीला ती होती की नाही ते भोकांवरून आणि कीर्दीतल्या कोळशाच्या नोंदीवरून ताडून बघता येईल.

इंजिन लगेच फिरवायचा मोह आवरा. प्लग काढा, चारही सिलिंडरांत पातळ तेल सोडा, आठवडाभर राहू द्या, मग हाताने हळूच. अडलं तर पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. हातोडा, जीपने ओढणं, ‘ढकलून बघू’ हे प्रकार नकोत. इंजिन तसं साधं आहे : चार सिलिंडर, २.९ लिटर, वीस अश्वशक्ती. तेलाचा पंप नाही, सगळं शिंपडून. पाण्याचाही पंप नाही; गरम पाणी वर चढतं, गार खाली येतं. पेट्रोल सीटखालच्या टाकीतून उताराने येतं. टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ आला की इंजिनाला ते पोचत नसे, म्हणून लोक गाडी उलटी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. रिव्हर्सला ताकदही पहिल्या गिअरपेक्षा जास्त असते. आपल्या घाटांच्या मुलखात ही आठवण कुणाच्या तोंडून निघाली तर थाप समजू नका.

बेअरिंगं व्हाइट मेटलची, म्हणजे मऊ पांढऱ्या धातूची, ब्लॉकमध्येच ओतलेली. हे ओतकाम जाणणारे हात कमी झालेत, पण संपलेले नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी वर्षानुवर्षं करून घेतोय. मिस्त्रीला एकच अट घाला : आधीचं किती झिजलंय ते मोजून, लिहून दे, मग खरवड.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही ‘चालतंय की’ म्हटलं तरी सोडू नका. मागच्या ॲक्सलमध्ये थ्रस्ट वॉशर, म्हणजे गिअर जागेवर धरणाऱ्या चकत्या, असतात, मूळचे व्हाइट मेटलचे. शंभर वर्षांत त्यांचा भुगा होतो. मॉडेल टीचा पायातला ब्रेक चाकांवर लागत नाही, तो गिअरच्या ड्रमवर लागतो आणि जोर ॲक्सलमार्गे चाकांना पोचतो. वॉशर फुटला की दात सुटतात, आणि उतारावर तुम्ही ब्रेक दाबत राहता, गाडी मात्र थांबत नाही. मग हाती उरतो तो मागच्या चाकांवरचा हातब्रेक, आणि तोही बहुतेक गाड्यांत नावापुरता. ॲक्सल पूर्ण उघडून काशाचे वॉशर बसवल्याशिवाय गाडी वाड्याच्या दाराबाहेर काढू नका. मूळपणा जपायचा माझा सगळा आग्रह इथे संपतो. काढलेले जुने वॉशर डब्यात घालून चिठ्ठी लावा, एवढंच.

चाकांचंही तसंच. मूळ आरे हिकरी लाकडाचे. कोरड्या उन्हाळ्यात ते आकसतात आणि चाक करकरायला लागतं. गावाकडे लगेच सल्ला मिळतो : चाक रात्रभर पाण्यात ठेवा. लाकूड फुगतं, आवाज थांबतो, वाळलं की आधीपेक्षा ढिलं होतं. बैलगाडीचं चाक करणाऱ्या सुतारांची मला फार कदर आहे. बाभळीचे आरे, तुंबा आणि वरची तापवून चढवलेली धाव, हे शास्त्र कुणापेक्षा कमी नाही. पण ते चाक बैलाच्या चालीसाठी असतं. ताशी चाळीस किलोमीटरने वळणारी गाडी आऱ्यांवर आडवा जोर टाकते, तिला सरळ रेषांचं, चिवट लाकूड लागतं. आरे नवे लागले तर हिकरीचेच मागवा. बॉडीचा सांगाडा कुजला असेल तिथे सागवान खुशाल वापरा, आपला सुतार ते उत्तम करेल. फक्त जुन्या लाकडाचा एखादा धड तुकडा स्क्रूसकट राखून ठेवा.

विजेची बाजू या गाडीत सगळ्यात मजेची. फ्लायव्हीलवर सोळा लोहचुंबक, त्यांच्यापुढे सोळा गुंडाळ्या, झाला मॅग्नेटो. त्यातून निघालेली वीज डॅशवरच्या पेटीतल्या चार लाकडी कॉइलना जाते आणि त्या मधमाश्यांसारख्या गुणगुणतात. पेट्या बाहेरून धड दिसल्या तरी आतले मेणकागदाचे कपॅसिटर मेलेले असतात. ०.४७ मायक्रोफॅरडचा आजचा चांगला कपॅसिटर आत दडवून बसवता येतो, बाहेरून पेटी जशीच्या तशी. त्यानंतर चारही कॉइल १.३ अँपिअरवर सारख्या जुळवून घ्याव्या लागतात. कानाने ‘बरोबर वाटतंय’ म्हणून चालत नाही. गाडी अडखळते म्हणून लोक कार्बुरेटर दहा वेळा उघडतात, आणि दोष दहापैकी आठ वेळा या पेटीत निघतो. निदान माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत तरी.

कार्बुरेटरचं बोललोच तर आपल्या आजच्या पंपावरचं पेट्रोल. त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. मॉडेल टीच्या कार्बुरेटरातला फ्लोट बुचाच्या लाकडाचा, आणि त्यावर लाखेचा थर. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा. थर गेला की बूच पेट्रोल पितं, बुडतं, आणि कार्बुरेटर वाहायला लागतो, शेजारी तापलेलं इंजिन असताना. नव्या पदार्थाचा फ्लोट घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बुरेटर कोरडे करा, कारण इथेनॉल पाणीही ओढतं.

रंग शेवटी, आणि जमलं तर नाहीच. १९१४ ते १९२५ पर्यंत मॉडेल टी काळीच निघे. तो काळा आजच्या टू-पॅक रंगासारखा आरशागत नव्हता. पत्र्यावर मूळ काळा कुठेही शाबूत असेल, भले निम्मा, तर साबणाच्या पातळ पाण्याने पुसून मेण लावा आणि थांबा. रंग कधीही देता येतो, काढलेला मूळ रंग परत आणता येत नाही. गॅरेजवाल्याच्या ‘शोरूमसारखी’मध्ये मला हेच भय वाटतं. तो काम वाईट करेल असं नाही; उलट इतकं चांगलं करेल की ती कोणाचीच गाडी राहणार नाही. त्याला काम द्यायचंच असेल तर आधी ॲक्सल आणि ब्रेक द्या, बॉडी नको. एका वेळी एक काम, आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत, चिठ्ठीसह, तुमच्या ताब्यात. मी हे न सांगता एकदा पितळी पट्ट्या पॉलिशला दिल्या होत्या. त्या आरशासारख्या परत आल्या, त्यांच्यावरची अक्षरं मात्र गुळगुळीत.

भिंतीवर काय

बर्मा-शेलच्या पाटीचं सांगतो. बर्मा-शेल ही कंपनी भारतात १९२८ मध्ये झाली, आणि मॉडेल टीचं उत्पादन मे १९२७ मध्ये बंद पडलं. म्हणजे ‘नवी कोरी फोर्ड पेट्रोल भरायला आलीय’ असा देखावा मांडायचा असेल तर पाटी चूक. पण तुमची गाडी युद्धापर्यंत चालली असं तुम्हीच लिहिलंय. मग तिने बर्मा-शेलचं पेट्रोल नक्की प्यायलं असणार, आणि पाटी चालेल. आधी भिंत कोणत्या वर्षाची ते ठरवा. १९२४ आणि १९४२ एकाच भिंतीवर नको.

पाटी खरी आहे का, हा प्रश्न वेगळा. जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात दिसणाऱ्या एनॅमलच्या पाट्यांपैकी बऱ्याच नव्या, आपल्याकडेच बनवून जुनाट केलेल्या असतात. हातात घेऊन बघा, खरी जाड पत्र्याची, जड असते. रंगांचे थर एकावर एक बसवलेले, कडेवर नख फिरवलं की पायऱ्या लागतात. भोकांपाशी स्क्रू आवळताना उडालेले टवके असतात आणि तिथला गंज काळपट, मुरलेला असतो. नव्या पाटीला भोकं स्वच्छ, आणि गंज नारिंगी, तोही नेमका दर्शनी जागी लावल्यासारखा. मागची बाजू बघा. पन्नास वर्षं भिंतीला चिकटून राहिलेल्या पाटीची पाठ आणि पोट एकसारखे मळत नाहीत. नकली निघाली तर फार वाईट वाटून घेऊ नका, माझ्या गॅरेजात दोन आहेत. एकीवर मी पाने टांगतो.

घ्यायचंच असेल तर गाडीला लागून असलेलं घ्या. तिच्या टूलकिटमधले फोर्डच्या अक्षरांचे पाने, जॅक, त्या काळचे चॅम्पियनचे प्लग, दोन गॅलनचे पेट्रोलचे डबे, कॅस्ट्रॉल किंवा मोबिलऑइलचा तेलाचा डबा, रॉकेलचा बाजूचा दिवा. ट्रंकेतला तो दिवा कुठल्या बाजूचा आहे ते बघा. त्याचा जोडीदार माळ्यावर कुणी चिमणी म्हणून वापरला असेल. डबे रंगवू नका, पोचे काढू नका. आत तेल असेल तर तेवढं काढा, बाहेरून कोरडं फडकं. आणि प्रत्येक वस्तूला एक ओळ लिहून ठेवा : कुठून आली, घरची की विकतची. वीस वर्षांनी तुमच्या मुलांना दोन्ही सारखंच दिसेल.

नोंदणी

केंद्राने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नव्याने नोंद करायची तर शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,०००. नव्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. गाडी आधीच नोंदलेली असेल तर तिचा जुना नंबर राखता येतो. आता कळलं ना, ट्रंकेतलं ते नोंदणीपुस्तक कशासाठी हवं? नंबराची जुनी पाटी पडवीत कुठे सापडली तर तीही जपा. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. गॅरेजवाल्याला हेही वाचून दाखवा.

शेवटी हँडलचं. एखाद्या दिवशी तुम्ही ते मारणारच आहात, आणि तेव्हा मी तिथे नसेन. स्टिअरिंगखाली दोन दांड्या आहेत, डावी स्पार्कची, उजवी पेट्रोलची. डावी पूर्ण वर, म्हणजे स्पार्क मागे, ठिणगी उशिरा. हातब्रेक पूर्ण ओढलेला. त्याने गाडी न्यूट्रललाही येते. हँडल डाव्या हाताने, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, खालून वर ओढायचं. वरून खाली कधीही दाबायचं नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल मनगट मोडतं, त्या काळी डॉक्टरांना मनगटाचं हे मोडलेलं हाड ओळखीचं झालं होतं.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नंबराच्या पट्टीचा फोटो, दाराच्या आतल्या एखाद्या स्क्रूचा अगदी जवळून फोटो आणि कीर्दीचं एखादं पान पाठवा. स्क्रूचं भोक चौकोनी निघालं तर मला फोनच करा.